व्हिया आप्पिया ही कोणाची बायको? आणि वाचकांचे इतर प्रश्न

मागच्या अंकात रोमच्या व्हिया आप्पिया या जुन्या रस्त्याबद्दल चार ओळी छापल्या होत्या, २०२४ च्या जुलैत युनेस्कोनं त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं त्या निमित्तानं. वाटलं होतं कोणी वाचणार नाही. पण पत्रं, व्हॉट्सअप, सगळीकडून प्रश्न आले आणि गंमत म्हणजे बहुतेकांचा रोख रस्त्यापेक्षा नावावरच. म्हणून या वेळचं सदर सगळं रोमन आडनावांवर.

प्रश्न : सर, तुम्ही लिहिलं का रस्ता आप्पियस क्लॉडियस नावाच्या माणसानं बांधला. मंग रस्त्याचं नाव 'आप्पिया' काऊन? ते त्याच्या बायकोचं नाव होय का? आमच्या इथं सरळ 'देशमुखाची पांदण' म्हणतेत, काही घोळ नाही. (एक शेतकरी वाचक, आर्वी तालुका)

बायको बिलकुल नाही भाऊ. घोळ आहे तो लिंगाचा. लॅटिनमध्ये रस्त्याला 'व्हिया' म्हणतात आणि तो शब्द स्त्रीलिंगी, आपली पांदण जशी स्त्रीलिंगी. आता रोमन माणसाचं नाव साधारण तीन तुकड्यांचं असायचं. पहिलं घरातलं हाक मारायचं, मधलं कुळाचं, आणि तिसरं त्या कुळातल्या शाखेचं किंवा टोपणनावासारखं. गायस जुलियस सीझर, यात जुलियस हे कुळ. मार्कस टुलियस सिसेरो, यात टुलियस हे कुळ. आणि हे मधलं जे नाव आहे ना, ते मुळातच विशेषण. आपण कसं पांढरा बैल, पांढरी गाय, पांढरं वासरू म्हणतो, तसं ते पुढच्या शब्दाप्रमाणं शेपूट बदलतं. पुल्लिंगी असलं की -इयस, स्त्रीलिंगी असलं की -इया, नपुंसकलिंगी असलं की -इयम. वेगळा प्रत्यय लावायचं कामच नाही.

गायस फ्लामिनियस नावाचा एक अधिकारी होता, त्यानं इ.स.पू. २२० मध्ये रोमपासून आजच्या रिमिनीपर्यंत रस्ता काढला, तो झाला व्हिया फ्लामिनिया. त्यानंच शहरात एक मोठं मैदानही बांधलं, सर्कस म्हणायचे त्याला, आणि सर्कस शब्द पुल्लिंगी, म्हणून ते झालं सर्कस फ्लामिनियस. माणूस एकच, पण रस्ता 'फ्लामिनिया' अन् मैदान 'फ्लामिनियस'. सीझरनं रोममध्ये चौक बांधला तो फोरम जुलियम, कारण फोरम नपुंसकलिंगी. पाणी म्हणजे 'अॅक्वा' पुन्हा स्त्रीलिंगी, म्हणून क्विंटस मार्कियस रेक्स यानं इ.स.पू. १४४ मध्ये जे पाण्याचं मोठं बांधकाम हाती घेतलं ते अॅक्वा मार्किया.

'अमक्याचा रस्ता' असं षष्ठी लावून लॅटिनमध्ये बोलता येत नव्हतं असं नाही, येत होतं. पण सरकारी कामाला, कायद्याला, सडकेला हे विशेषणच वापरायची रीत पडली होती. तुमच्या बाजूला देशमुखाची पांदण म्हणतात ते बरोबरच आहे, पण भंडारा-गोंदियाकडं जाऊन बघा, तिथं कोणी 'मालगुजाराचा तलाव' म्हणत नाही, 'मालगुजारी तलाव' म्हणतात. रोमन लोकांचा कल त्या बाजूचा होता समजा.

आता एक खोच सांगतो, कारण तुम्ही नेमकं तेच नाव धरलं. आप्पियस हे त्याचं कुळाचं नाव नव्हतंच, ते पहिलं नाव होतं, कुळ क्लॉडियस. नियमानं रस्ता 'क्लॉडिया' व्हायला पाहिजे होता. पण आप्पियस हे पहिलं नाव जवळजवळ क्लॉडियस कुळातच ठेवायचे, त्यामुळं नुसतं आप्पियस म्हटलं तरी कोणाचं पोरगं ते लोकांना कळायचं. इ.स.पू. ३१२ मध्ये त्यानं रस्ता सुरू केला, रोम ते कापुआ, आणि त्याच साली पाणीही आणलं, त्याचंही नाव अॅक्वा आप्पिया. अॅक्वा क्लॉडिया नावाचीही एक आहे पण ती साडेतीनशे वर्षांनंतरची, क्लॉडियस बादशहानं इ.स. ५२ मध्ये पूर्ण केलेली, दोन्हीची भेसळ करू नका. आणि सगळेच रस्ते माणसांच्या नावाचे होते असंही नाही बरं, व्हिया सालारिया म्हणजे मिठाचा रस्ता, त्यात कोणी सालारियस शोधत बसू नका.

प्रश्न : मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रोमन लॉमध्ये सुल्लाचे कायदे 'लेक्स कॉर्नेलिया', ग्राकसचे 'लेक्स सेम्प्रोनिया', ऑगस्टसचे 'लेक्स जुलिया'. ज्यानं कायदा केला त्याचं नावच नाही कुठं! पाठांतर करू करू डोकं फिरून राह्यलं. काही ट्रिक आहे का सर? (एक विद्यार्थी, यवतमाळ)

ट्रिक आहे, आणि वरचं उत्तर वाचलं असशील तर निम्मी तुला कळलीच. लेक्स म्हणजे कायदा, शब्द स्त्रीलिंगी, आणि त्याला मधलं नाव लागतं. तू ज्या नावांनी या लोकांना ओळखतो ती तिसरी नावं आहेत. सुल्लाचं पूर्ण नाव लुसियस कॉर्नेलियस सुल्ला, मग लेक्स कॉर्नेलिया. ग्राकस बंधू सेम्प्रोनियस कुळाचे, मग लेक्स सेम्प्रोनिया. ऑगस्टस जन्मानं ऑक्टेव्हियस, पण सीझरनं मृत्युपत्रात दत्तक घेतला म्हणून जुलियस झाला, आणि त्याचे कायदे लेक्स जुलिया. म्हणजे नाव पाठ करताना तीनही तुकडे पाठ कर, कायदा आपोआप निघतो.

पण यात एक अडचण रोमन लोकांनाही होती. कुळ एक आणि त्यातली माणसं ढीगभर, त्यामुळं लेक्स कॉर्नेलिया किती तरी, लेक्स जुलिया तर विचारूच नका. म्हणून पुढं विषय जोडायचे. सुल्लाचा इ.स.पू. ८१ चा खुनी अन् विषप्रयोग करणाऱ्यांवरचा कायदा, तो लेक्स कॉर्नेलिया, आणि पुढं 'मारेकरी व विष देणारे यांच्याविषयी' अशी शेपटी. परीक्षेत शेपटीसकट लिहायचं, नाहीतर मार्क जातात.

दोघांनी मिळून कायदा आणला तर दोघांची नावं लागायची. इ.स.पू. ३६७ चा लेक्स लिकिनिया सेक्स्टिया, ज्यानं सामान्य घरातल्या माणसाला कॉन्सलपदाचा, म्हणजे रोमच्या सर्वात मोठ्या अधिकाऱ्याच्या पदाचा, रस्ता मोकळा झाला, तो लिकिनियस आणि सेक्स्टियस या दोन ट्रिब्यूनांचा, म्हणजे सामान्य लोकांच्या प्रतिनिधींचा. पण माझा आवडता जोडकायदा म्हणजे इ.स. ९ चा लेक्स पापिया पॉप्पेया. ऑगस्टसला वाटत होतं की लोक लग्न करत नाहीत, पोरं होऊ देत नाहीत, म्हणून लग्न न करणाऱ्यांच्या वारसाहक्काला कात्री लावणारे नियम आणले आणि त्या सालच्या ज्या दोन कॉन्सलांच्या नावानं तो कायदा निघाला, पापियस आणि पॉप्पेयस, ते दोघंही बिनलग्नाचे! हे डिओ नावाच्या इतिहासकारानं लिहून ठेवलंय. आपल्याकडं असं झालं असतं तर पानठेल्यावर महिनाभर दुसरा विषय निघाला नसता.

अजून एक लक्षात ठेव, लेक्स ऑप्पिया, इ.स.पू. २१५. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध सुरू होतं, तिजोरी रिकामी, म्हणून ऑप्पियस नावाच्या ट्रिब्यूननं कायदा आणला की कोणत्याही बाईकडं अर्ध्या औंसापेक्षा जास्त सोनं नको. युद्ध संपलं, पैसा आला, कायदा मात्र तसाच. शेवटी इ.स.पू. १९५ मध्ये बाया रस्त्यावर उतरल्या, चौकात यायच्या वाटा अडवल्या, केटो नावाच्या कॉन्सलनं कायदा ठेवा म्हणून मोठं भाषण ठोकलं, तरी कायदा रद्द झाला. ऑप्पियसचं बाकी काही कोणाला आठवत नाही, पण त्याच्या कुळाचं विशेषण या भांडणामुळं राहिलं. आणि लेक्स फाल्किडिया, इ.स.पू. ४०, मृत्युपत्रात कितीही वाटून टाकलं तरी वारसाला चौथा हिस्सा मिळालाच पाहिजे, हा तुझ्या सिलॅबसमध्ये नक्की असेल.

प्रश्न : रोमन मुलींना स्वतःचं नावच नव्हतं हे खरं आहे का? सगळ्या बहिणी एकाच नावाच्या? (एक शिक्षिका, मूर्तिजापूर)

बऱ्याच अंशी खरं आहे मॅडम. मुलीला कुळाच्या विशेषणाचं स्त्रीलिंगी रूप मिळायचं, झालं. सीझरची मुलगी जुलिया, सिसेरोची टुलिया. दोघी असल्या तर थोरली आणि धाकटी. मार्क अँटनीला ऑक्टेव्हियापासून दोन मुली झाल्या, दोघी अँटोनिया, एक थोरली अँटोनिया अन् एक धाकटी अँटोनिया. तिसरी झाली तर 'तिसरी' असंही म्हणायचे. घरात लाडानं काय हाका मारायचे ते वेगळं.

पण याची दुसरी बाजूही बघा. लग्न झालं तरी हे नाव बदलत नव्हतं. स्किपिओ आफ्रिकानसची मुलगी कॉर्नेलिया, लग्न झालं सेम्प्रोनियस ग्राकसशी, तरी मरेपर्यंत कॉर्नेलियाच राहिली, तिची मुलं मात्र सेम्प्रोनियस आणि मुलगी सेम्प्रोनिया. आधार कार्डावर माहेरचं नाव, सातबाऱ्यावर सासरचं, म्हणून तहसीलीत चकरा मारून चपला झिजवणाऱ्या आपल्या बायांना रोमन पद्धत ऐकून हेवाच वाटेल. आणि आईच्या कुळाचं नाव मुलाला लागल्याचीही उदाहरणं आहेत, व्हेस्पासियन बादशहाचं घ्या, बाप फ्लावियस कुळाचा, आई व्हेस्पासिया, आणि तो ओळखला गेला आईच्या नावानं, व्हेस्पासियानस. हे 'यानस' कुठून आलं ते खालच्या उत्तरात.

प्रश्न : पुस्तकात कुठं 'ऑक्टेव्हियस' लिहितात कुठं 'ऑक्टेव्हियन'. मी समजत होतो प्रिंटिंग मिस्टेक आहे. दोन्ही एकच माणूस का? (एक वाचक, दारव्हा)

माणूस एकच, पुढं ऑगस्टस बादशहा झाला तोच, नावं दोन, आणि मधे दत्तकविधान आहे.

कुळाचं नाव मुळात विशेषण हे आपण पाहिलं. आता त्या विशेषणावर आणखी एक विशेषण चढवायचं असलं तर -आनस लावायचे. ऑक्टेव्हियस चं ऑक्टेव्हियानस, एमिलियस चं एमिलियानस. अर्थ साधारण 'मूळचा त्या कुळातला' किंवा 'त्या कुळाशी संबंध असलेला'. दत्तक गेलेल्या मुलाला नव्या बापाचं पूर्ण नाव मिळायचं आणि जुन्या कुळाची खूण म्हणून शेवटी हे -आनसवालं नाव. कार्थेज इ.स.पू. १४६ मध्ये ज्यानं जमीनदोस्त केलं तो स्किपिओ जन्मानं एमिलियस पाउलसचा पोरगा, दत्तक गेला स्किपिओंच्या घरात, म्हणून पब्लियस कॉर्नेलियस स्किपिओ एमिलियानस. नाव वाचलं की दोन्ही घरं दिसतात. ऑक्टेव्हियसला मात्र जुन्या घराची आठवण नको होती, त्याचं खरं घराणं लहान, सीझरचं मोठं, त्यामुळं सीझर मेल्यावर इ.स.पू. ४४ पासून तो स्वतःला सरळ सीझर म्हणवून घ्यायचा, ऑक्टेव्हियन हे नाव दुसरे लोक वापरायचे, आणि आजचे इतिहासकार सोयीसाठी वापरतात. दत्तकाची किंमत काय असते हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको, तिसरे रघूजी भोसले वारसाशिवाय गेले आणि दत्तक न मानता डलहौसीनं १८५४ मध्ये राज्यच खालसा केलं. रोममध्ये दत्तकानं पोरगा बादशहा झाला.

हे -आनस आणखी बऱ्याच ठिकाणी घुसलं. नेत्याच्या माणसांना तेच लागायचं. पॉम्पी नावाच्या सेनापतीचे ते पॉम्पेयानी, सीझरचे ते सीझरियानी, आपण अमक्याच्या गटाचे म्हणतो तसं. मारियस नावाच्या सेनापतीनं सैनिकांना स्वतःचं सगळं सामान पाठीवर न्यायला लावलं तर लोकांनी त्यांना 'मारियसची खेचरं' म्हटलं, लॅटिनमध्ये 'मुली मारियानी' (यातलं 'मुली' म्हणजे खेचरं, आपल्या पोरी नव्हेत). ख्रिस्ती लोकांचं 'ख्रिश्चन' हे नावही याच साच्यातलं, ख्रिस्तियानस, बायबलमध्ये म्हटलंय की अँटिऑकमध्ये पहिल्यांदा असं म्हणायला लागले. पुढं संत जेरोमला स्वप्न पडलं, देवाच्या दरबारात विचारलं तू कोण, हा म्हणाला ख्रिस्तियानस, तर उत्तर आलं खोटं बोलतोस, तू सिसेरोनियानस आहेस! सिसेरोचं लॅटिन वाचायचं त्याला इतकं वेड होतं.

पण मला सगळ्यात जास्त मजा येते शेतांच्या नावांत. शेताला लॅटिनमध्ये फुंडुस म्हणायचे आणि शेताचं नाव मालकाच्या कुळावरून -आनस लावून. इटलीत व्हेलेया नावाच्या ठिकाणी १७४७ मध्ये काशाचा एक मोठा पत्रा सापडला, ट्राजन बादशहाच्या काळातला. सरकारनं शेतकऱ्यांना जमीन गहाण ठेवून शेकडा ५ व्याजानं कर्ज दिलं होतं आणि ते व्याज गरीब पोरांच्या पोटापाण्याला जायचं, पोराला महिन्याला १६ सेस्टर्स (रोमन नाणं), पोरीला १२ (पोरीला कमी, तिथंही). त्या पत्र्यावर कर्जदार, त्याचं वावर, गावशीव, शेजारी, सगळं कोरलेलं, म्हणजे अक्षरशः तलाठ्याचं दप्तर. त्यात एक नोंद आहे, मालक व्होलुम्नियस आणि व्होलुम्निया, आणि वावराचं नाव काय तर फुंडुस क्विंटियाकस ऑरेलियानस. व्होलुम्नियसचा पत्ताच नाही नावात! कधीकाळी कोणी क्विंटियस, कोणी ऑरेलियस मालक असेल, जमीन हातोहात गेली, नाव मात्र चिकटून राहिलं.

हे वऱ्हाडातल्या माणसाला समजवायची गरज नाही. 'जोश्याचं वावर' म्हणतात, जोशी विकून पुण्याला जाऊन दोन पिढ्या झाल्या, मधे ते मारवाड्याकडं होतं, आता सातबारा तिसऱ्याच्याच नावावर, पण सालदार सकाळी विचारतो, "मालक, आज डवरे जोश्यात धरू का?" आणि मालकही म्हणतो, धर.

त्या 'क्विंटियाकस'मधलं -आकस हे गॉल, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या जुन्या लोकांकडून आलेलं शेपूट, काम तेच. त्या प्रकारच्या नावांतून फ्रान्स-जर्मनीतली किती तरी गावं निघाली. जर्मनीतलं युलिश म्हणजे जुलियाकम. पॅरिसचं ऑर्ली विमानतळ आहे ना, ते ऑर्ली म्हणजे ऑरेलियाकम, कोण्या ऑरेलियसचं वावर. आता तिथं विमानं उतरतात.

प्रश्न : माझं आडनाव राऊत. मी रोममध्ये रस्ता बांधला असता तर? (एक गुत्तेदार, तिवसा)

व्हिया राउतिया. कायदा केला तर लेक्स राउतिया, तुमचे कार्यकर्ते राउतियानी. आधी तिवश्याचे खड्डे बुजवा मग बघू.

प्रश्न : जुलै महिना जुलियस सीझरवरून आला हे माहीत आहे. अशी अजून नावं आहेत का रोजच्या वापरातली? (एक वाचक, अचलपूर)

आहेत, आणि गंमत अशी की विशेषण उरतं अन् नाम गळून जातं. पैठणी साडीची नुसती पैठणी झाली, तसंच. मूळ होतं 'मेन्सिस जुलियस', जुलियस महिना, इ.स.पू. ४४ मध्ये ठेवलेलं, त्याआधी त्याला क्विंटिलिस म्हणजे पाचवा म्हणायचे. महिना शब्द गळाला, जुलियस राहिला. ऑगस्टचं तसं नाही, ऑगस्टस ही पदवी, कुळ नव्हे, तो बदल इ.स.पू. ८ चा.

इटलीतला एमिलिया-रोमान्या प्रांत, त्यातलं एमिलिया म्हणजे मार्कस एमिलियस लेपिडसचा इ.स.पू. १८७ चा रस्ता, व्हिया एमिलिया. रस्त्याचं नाव प्रांताला लागलं आणि 'व्हिया' उडालं. कलोसियमचं उलटं झालं, त्याला जुन्या काळी फ्लावियन कुळावरून अँफिथिएट्रम फ्लावियम म्हणायचे, इ.स. ८० मध्ये उघडलं, पण इथं कुळाचं विशेषणच लोकांनी टाकून दिलं.

सगळ्यात भारी सफरचंद. सीझरचा मित्र गायस मातियस, त्याच्या नावाची सफरचंदाची एक जात होती, 'माला मातियाना'. माला म्हणजे सफरचंदं. स्पेनमध्ये लोकांनी 'माला' टाकलं, 'मातियाना' ठेवलं, घासून घासून त्याचं 'मान्साना' झालं, आणि आज स्पॅनिशमध्ये कोणत्याही सफरचंदाला मान्साना म्हणतात. बिचारा मातियस, बाजारात रोज किलोनं विकला जातो अन् घेणाऱ्याला पत्ता नाही.

प्रश्न : बीएस्सी अॅग्रीला झाडांची लॅटिन नावं पाठ करावी लागतात. काही -इया, काही -आना, काही -आय. यात काही लॉजिक आहे का? (एक विद्यार्थिनी, अकोला)

आहे, आणि वरचं सगळं वाचलं असशील तर तुला ते दिसेलच. आपला आपटा घे, बॉहिनिया रेसिमोसा. बॉहिन नावाचे दोन भाऊ वनस्पतीशास्त्रज्ञ होते, योहान आणि कास्पर, त्यांचं आडनाव घेऊन रोमन पद्धतीनं -इया लावलं, बॉहिनिया. आपट्याचं पान मधे दुमडलेलं, दोन पाकळ्या जोडल्यासारखं असतं ना, ते दोन भावांना शोभतं असं म्हणून लिनियस नावाच्या शास्त्रज्ञानं ते नाव कायम ठेवलं. शिरीष म्हणजे अल्बिझिया, इटलीतल्या अल्बिझ्झी घराण्यावरून. हे सगळं झाडाच्या वंशाचं, म्हणजे जीनसचं नाव, पहिलं अक्षर कॅपिटल.

दुसरा शब्द असतो तिथं -आना येतो, आणि ते आपलं ऑक्टेव्हियानसवालं -आनस, स्त्रीलिंगी करून. हाँगकाँगच्या झेंड्यावर जे फूल आहे ते बॉहिनिया ब्लेकियाना, तिथल्या ब्लेक नावाच्या गव्हर्नरवरून. एकाच नावात दोन्ही शेपटं, बॉहिनियामधलं -इया आणि ब्लेकियानामधलं -आना. बॉहिनिया स्त्रीलिंगी म्हणून ब्लेकियाना, पुल्लिंगी वंश असता तर ब्लेकियानस लिहावं लागलं असतं. आणि -आय म्हणजे साधी षष्ठी, 'अमक्याचं', पहिल्या प्रश्नातली देशमुखाची पांदण. ते विशेषण नसल्यामुळं वंशाचं लिंग कोणतंही असलं तरी ते बदलत नाही. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये दुसरा शब्द लहान अक्षरानंच सुरू कर, माणसाचं नाव असलं तरी.